हायब्रिडचा ग्राफ कुणी वाकवला?

आजचा एपिसोड गाड्यांचा आहे, पण कुठली गाडी घ्यावी हे मी सांगणार नाहीये. आज एका ग्राफची गोष्ट सांगणार आहे. आकडे बरेच आहेत, ऐकताना निसटतात, म्हणून ही लिखित प्रत नेहमीपेक्षा जरा नीट केली आहे.

झालं असं, की ऑफिसात नव्याने लागलेल्या पोरांना मी अंदाज बांधणारं एक छोटं मॉडेल लिहून दाखवत होतो. उदाहरणाला स्वच्छ आणि लहान डेटा हवा होता. मी अमेरिकेतल्या हायब्रिड गाड्यांच्या वार्षिक विक्रीचा तक्ता उचलला. २००० साली विक्री साधारण ९,३५०. २००१ मध्ये वीस हजार. २००४ मध्ये चौऱ्याऐंशी हजार. २००५ मध्ये थेट दोन लाख नऊ हजार. २००७ मध्ये तीन लाख बावन्न हजार. इतकी गुळगुळीत चढण की कुणालाही पुढची रेघ ओढावीशी वाटेल. मॉडेलनेही ओढली. २००९ मध्ये दहा लाखांच्या उंबरठ्यावर, असं उत्तर आलं.

मग मी खरा आकडा दाखवला. २००९ साली विकल्या गेल्या दोन लाख नव्वद हजार.

पोरं हसली. त्यातल्या एकीने विचारलं, "पण मग मधे झालं काय?" मी तेव्हा "मंदी" असं एका शब्दात उत्तर देऊन पुढे गेलो. ते उत्तर चूक नव्हतं, पण आळशी होतं. त्यानंतर महिनाभर रात्री बसून मी या रेघेचं प्रत्येक वळण उलगडत बसलो. हा एपिसोड म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर समजा.

सुरुवात अमेरिकेतून करूया, पण गाडी जपानची आहे. १९९३ मध्ये क्लिंटन सरकारने अमेरिकेतल्या तीन बड्या कंपन्यांना, म्हणजे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांना एकत्र बसवलं. लक्ष्य ठरलं गॅलनला ८० मैलांचं. आपल्या भाषेत लिटरला जवळपास ३४ किलोमीटर, आणि तेही पाच माणसांच्या घरगुती सेदान गाडीत. सरकारी प्रयोगशाळा आणि सरकारी पैसा सोबतीला होता. टोयोटाला या मंडळात जागा नव्हती, कारण ती परदेशी कंपनी.

त्याच वर्षी टोयोटामध्ये "एकविसाव्या शतकाची गाडी" कशी असावी यावर काम सुरू झालं. प्रकल्पाचं नाव जी-२१. प्रमुख म्हणून नेमले ताकेशी उचियामादा. गंमत म्हणजे या माणसाने तोवर एकाही गाडीचा विकास सांभाळला नव्हता. तो आवाज आणि कंपन यांच्या चाचण्यांमधला इंजिनिअर. टीमने आधी मायलेज दीडपट करायचं ठरवलं. वरिष्ठांनी सांगितलं, दीडपट नको, दुप्पट करा. साध्या इंजिनाला घासूनपुसून दुप्पट मायलेज मिळत नाही, तेव्हा इंजिन आणि मोटर एकत्र आणण्याशिवाय मार्ग उरला नाही.

इथे दोन मिनिटं थांबतो, कारण मला हा भाग फार आवडतो. हायब्रिड म्हणजे "बॅटरीवरची गाडी" नव्हे. प्रियसमध्ये बाहेरून वीज भरायची सोयच नव्हती. सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलचीच. मग बचत कुठून येते? पेट्रोल इंजिन सिग्नलला, गर्दीत, हळू चालताना सगळ्यात जास्त उधळपट्टी करतं. हायब्रिड त्या वेळी इंजिन बंद करते आणि मोटरवर चालते. आणि ब्रेक मारल्यावर जी ऊर्जा एरवी उष्णता होऊन वाया जाते, त्यातली काही मोटर जनरेटरसारखी चालवून बॅटरीत परत घेते. हे दोन स्रोत जोडायला टोयोटाने वापरला प्लॅनेटरी गिअर. मधे एक चाक, भोवती फिरणारी छोटी चाकं, बाहेर एक दातेरी कडं. एकाला जनरेटर, एकाला इंजिन, एकाला मोटर आणि गाडीची चाकं. कुठून किती जोर घ्यायचा हे सॉफ्टवेअर दर क्षणाला ठरवतं. नेहमीचा गिअरबॉक्स नाही, क्लच नाही. हार्डवेअर साधं आणि डोकेदुखी कोडमध्ये, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला ओळखीचं वाटेल.

पहिली चाचणी गाडी तयार झाली आणि ती ४९ दिवस जागची हललीच नाही. हे उचियामादांनी स्वतः नंतर सांगितलं आहे. हलली तेव्हा पाचशे मीटर गेली आणि थांबली. आणि अशात वरून हुकूम आला की लाँच अलीकडे घ्या, १९९७ च्या डिसेंबरात गाडी बाजारात हवी. ती आली. त्याच महिन्यात क्योटोमध्ये हवामान बदलावरची मोठी परिषद भरलेली होती, तेव्हा मुहूर्तही जमून आला.

आणि तिकडे अमेरिकन तिघं? त्यांनीही २००० पर्यंत तीन सुंदर नमुना गाड्या करून दाखवल्या. ८० मैलांच्या लक्ष्याच्या आसपास पोचणाऱ्या. त्यातली एकही शोरूममध्ये आली नाही. २००२ च्या सुरुवातीला बुश सरकारने तो कार्यक्रम गुंडाळून हायड्रोजनच्या मागे लागायचं ठरवलं. म्हणजे ज्या तक्त्यावर मी रेघ ओढत होतो, त्याच्या सुरुवातीलाच एक गोष्ट लपलेली आहे: अमेरिकन सरकारच्या कार्यक्रमाला घाबरून ज्यांनी गाडी केली ते त्या कार्यक्रमाच्या बाहेरचे होते.

अमेरिकेत पहिली हायब्रिड विकली ती होंडाने, १९९९ च्या डिसेंबरात. इनसाइट, फक्त दोन सीटची, मागची चाकं अर्धी झाकलेली. प्रियस २००० च्या उन्हाळ्यात आली, वीस हजार डॉलरला पाच कमी अशी किंमत घेऊन. आपल्याकडच्या बाटाच्या चपलेसारखी. पहिली दोन-तीन वर्षं घेणारे लोक म्हणजे इंजिनिअर, प्राध्यापक, पर्यावरणवाले, आणि ज्यांना नवीन वस्तू पहिल्यांदा आपल्याकडे हवी असते ते.

मग २००३ च्या शेवटी दुसरी प्रियस आली, आणि हिचा आकार वेगळा होता. मागून उतरत गेलेली, लांबून ओळखू येणारी. याच सुमारास होंडाचीही हायब्रिड होती, सिव्हिक, पण ती दिसायला साध्या सिव्हिकसारखीच. मायलेज चांगलं, गाडी भरवशाची, आणि तरी प्रियसने तिला खूप मागे टाकलं. २००७ मध्ये एका सर्वेक्षणात प्रियसच्या ५७ टक्के मालकांनी गाडी घेण्याचं मुख्य कारण सांगितलं ते म्हणजे ही गाडी माझ्याबद्दल काहीतरी सांगते. मायलेज नव्हे. २००३ च्या ऑस्करला काही नटनट्या लिमोझिनऐवजी प्रियसमधून उतरल्या होत्या, ते उगाच नव्हतं. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आपल्याकडे बुलेट घेणारा कोण मायलेज विचारतो?

आता २००५ कडे या. एका वर्षात विक्री चौऱ्याऐंशी हजारांवरून दोन लाखांवर. तीन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. ऑगस्टअखेरीस कॅटरिना वादळ मेक्सिकोच्या आखातावर आदळलं, तेल काढणारे मनोरे आणि रिफायनऱ्या बंद पडल्या, पेट्रोल गॅलनला तीन डॉलरच्या वर गेलं. दुसरं, नवा ऊर्जा कायदा आला. त्यात १ जानेवारी २००६ पासून हायब्रिड घेणाऱ्याला ३,४०० डॉलरपर्यंत करात सूट मिळणार होती. आणि तिसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची, ती जरा रंगवून सांगतो.

लॉस एंजेलिसच्या हायवेवर डाव्या बाजूला एक लेन असते, ती फक्त दोन किंवा तीन माणसं बसलेल्या गाड्यांसाठी. बाकी सगळे मुंगीच्या पावलाने सरकतात तेव्हा ती लेन पळत असते. २००५ मध्ये राज्याने ठरवलं की चांगल्या मायलेजची हायब्रिड असेल तर एकट्या माणसालाही त्या लेनमधून जाता येईल. त्यासाठी पिवळं स्टिकर. आधी पंचाहत्तर हजार, मग वाढवून पंच्याऐंशी हजार. २००७ च्या सुरुवातीला स्टिकर संपली. त्यानंतर जुन्या बाजारात स्टिकर असलेली प्रियस बिनस्टिकरच्या प्रियसपेक्षा महाग विकली जायला लागली. म्हणजे कागदाच्या एका तुकड्याला बाजारभाव आला. लोक तासभर लवकर घरी पोचण्याचे पैसे मोजत होते आणि तक्त्यात ते "हायब्रिडची लोकप्रियता" म्हणून नोंदलं जात होतं.

करसवलतीत मात्र एक विचित्र कलम होतं. एखाद्या कंपनीने साठ हजार हायब्रिड विकल्या की तिची सूट टप्प्याटप्प्याने संपणार. टोयोटाने ती मर्यादा २००६ च्या मध्यातच ओलांडली. प्रियसवरची ३,१५० डॉलरची सूट १ ऑक्टोबर २००६ ला निम्मी झाली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा निम्मी, आणि १ ऑक्टोबर २००७ ला शून्य. ज्याची गाडी सगळ्यात जास्त खपली त्याचीच सूट सगळ्यात आधी गेली. हे कलम लक्षात ठेवा. पुढे हीच चूक, की हाच डाव, पुन्हा खेळला गेला.

आता ते २००८. जुलै महिन्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला ४ डॉलर ११ सेंट. डीलरकडे प्रियस नाहीत, वेटिंग लिस्ट महिन्यांची. नंतर सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि डिसेंबरात तेच पेट्रोल दोन डॉलरच्याही बरंच खाली. पाच महिन्यांत. हायब्रिडची विक्री वर्षाअखेर तीन लाख बारा हजारांवर आली, पुढच्या वर्षी दोन लाख नव्वद हजारांवर.

मी त्या मुलीला "मंदी" म्हणालो होतो ते इथलं. पण एकूण गाड्यांचा बाजार बघा. २००७ मध्ये एक कोटी एकसष्ट लाख गाड्या विकल्या गेल्या, २००९ मध्ये फक्त एक कोटी चार लाख. भागाकार केला तर हायब्रिडचा वाटा २००७ मध्ये २.२ टक्के, २००८ मध्ये २.४ आणि २००९ मध्ये २.८. विक्री पडली, वाटा चढला! एकाच तक्त्यातून दोन उलट बातम्या निघतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत. त्या वेळी पहिली बातमी जास्त छापली गेली.

पुढची काही वर्षं भराभर उरकतो. २०११ च्या मार्चमध्ये जपानात भूकंप आणि त्सुनामी, प्रियसचे कारखाने थांबले, अमेरिकेत गाड्या पोचेनात. त्या वर्षीची घसरण मागणीची नव्हती, पुरवठ्याची होती. त्याच वर्षी १ जुलैला कॅलिफोर्नियाची पिवळी स्टिकरं बाद झाली. मग २०१२ मध्ये पेट्रोल पुन्हा महाग, बाजारात नवी मॉडेलं, आणि विक्री एकदम चार लाख चौतीस हजार. २०१३ मध्ये चार लाख पंच्याण्णव हजार, वाटा ३.२ टक्के. सगळ्यांना वाटलं, आता सुटली गाडी. २०१४ च्या मध्यापासून कच्चं तेल कोसळायला लागलं, शंभर डॉलरवरून २०१६ च्या सुरुवातीला तिसाच्याही खाली. २०१६ मध्ये हायब्रिड विकल्या गेल्या तीन लाख सत्तेचाळीस हजार, आणि तेही अशा वर्षी जेव्हा अमेरिकेत गाड्यांची एकूण विक्री विक्रमी होती. वाटा दोन टक्क्यांवर. म्हणजे २००७ पेक्षाही कमी.

तंत्रज्ञान मात्र या सगळ्या काळात दरवर्षी सुधारतच होतं. ते कुठेच या ग्राफमध्ये दिसत नाही.

आता प्लग-इन. भिंतीतल्या सॉकेटमधून वीज भरता येते ती. त्यात दोन प्रकार: पूर्ण विजेवरची, आणि आधी विजेवर मग पेट्रोलवर चालणारी प्लग-इन हायब्रिड. तक्त्यांमध्ये बऱ्याचदा दोन्ही एकाच रकान्यात टाकतात, त्यामुळे वाचताना सावध राहा. अमेरिकेत दोघींची सुरुवात एकाच महिन्यात झाली, डिसेंबर २०१०. निसानची लीफ पूर्ण विजेची. शेवरलेची व्होल्ट आधी वीज, मग पेट्रोल. त्या महिन्यात व्होल्ट विकल्या गेल्या ३२६ आणि लीफ १९.

व्होल्टबद्दल मला माया आहे, हे आधीच सांगतो. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने फार विचार करून केलेली गाडी होती ती. बहुतेक माणसाचा रोजचा प्रवास बॅटरीतच भागावा, आणि गावाला जायचं झालं तर पेट्रोल आहेच. जनरल मोटर्स तेव्हा दिवाळखोरीतून नुकतीच बाहेर आली होती, सरकारी पैशावर. त्यामुळे व्होल्ट ही नुसती गाडी उरली नाही, ती राजकारण झाली. जानेवारी २०११ मध्ये ओबामांनी जाहीर केलं की २०१५ पर्यंत रस्त्यावर दहा लाख प्लग-इन असतील. कंपनीने पहिल्या पूर्ण वर्षासाठी दहा हजार व्होल्टचं लक्ष्य ठेवलं. विकल्या गेल्या ७,६७१.

सांगा, हे अपयश आहे का? एकदम नवीन प्रकारची, महागडी गाडी, पहिलंच वर्ष. पण तुलना झाली ती लक्ष्याशी. पुढच्या वर्षीचं लक्ष्य तर पंचेचाळीस हजार होतं. २०१२ च्या मार्चमध्ये गाड्या साठल्या म्हणून डेट्रॉइटच्या हॅमट्रॅमॅक कारखान्यातलं उत्पादन पाच आठवडे बंद ठेवलं. १,३०० कामगार तेवढे दिवस घरी. ग्राफवर २०१२ चा ठिपका छान वर गेलेला दिसतो, तेवीस हजारांच्या पुढे, तिपटीने वाढ. पण त्या वर्षातले ते पाच आठवडे वार्षिक आकड्यात बुडून जातात.

दहा लाखांचं काय झालं? २०१५ अखेर जेमतेम चार लाख. दहा लाखाचा टप्पा आला २०१८ च्या शरदात. तीन वर्षं उशिरा, आणि तो आणला मुख्यतः एका वेगळ्याच कंपनीने.

टेस्लाने ३१ मार्च २०१६ ला मॉडेल ३ दाखवली आणि हजार डॉलर घेऊन बुकिंग उघडलं. आठवड्याभरात सव्वातीन लाख लोकांनी नाव नोंदवलं, गाडीला हातही न लावता. पण गाड्या प्रत्यक्षात मोठ्या संख्येने निघाल्या २०१८ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत प्लग-इनची विक्री दोन लाखांच्या आसपासवरून साडेतीन लाखांच्या आसपास गेली आणि त्यातल्या साधारण एक लाख चाळीस हजार एकट्या मॉडेल ३ होत्या. म्हणजे २०१६ ची इच्छा २०१८ च्या रकान्यात नोंदली गेली. शिवाय तेव्हाच्या बाकीच्या कंपन्यांसारखे टेस्ला दर महिन्याला अमेरिकेचे आकडे देत नसे, त्यामुळे हे अंदाजच आहेत आणि दोन तक्ते तंतोतंत जुळत नाहीत.

आणि आता ते कलम आठवा. प्लग-इनसाठी अमेरिकेत ७,५०० डॉलरपर्यंत सूट होती, आणि तिलाही मर्यादा होती: कंपनीमागे दोन लाख गाड्या. टेस्लाने ती २०१८ च्या जुलैत गाठली. १ जानेवारी २०१९ पासून सूट निम्मी. साहजिकच २०१८ च्या डिसेंबरात ज्याला-त्याला गाडी हातात हवी होती. मग २०१९ मध्ये एकूण प्लग-इन विक्री थोडी घसरली, आणि लगेच "इलेक्ट्रिकची हवा संपली" असे मथळे आले. जानेवारीचे गिऱ्हाईक डिसेंबरात येऊन गेले होते, एवढंच. दिवाळीच्या ऑफरमध्ये टीव्ही घेतलेला माणूस डिसेंबरात पुन्हा दुकानात येत नाही, तसं.

व्होल्ट मात्र तोवर टिकली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये जनरल मोटर्सने ती बंद करायचं जाहीर केलं, २०१९ च्या फेब्रुवारीत शेवटची गाडी निघाली. हॅमट्रॅमॅकचा कारखानाही बंद होणाऱ्यांच्या यादीत होता. त्याच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

थोडं अमेरिकेबाहेर जाऊन येतो, कारण नेदरलँड्सची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय अपुरा राहील. तिथे कंपनीची गाडी घरी वापरली तर त्यावर कर्मचाऱ्याला कर भरावा लागतो. प्लग-इन हायब्रिडला तो कर शून्य होता, पण २०१३ संपेपर्यंतच. १ जानेवारी २०१४ पासून सात टक्के. परिणाम काय झाला? डिसेंबर २०१३ मध्ये अख्ख्या नेदरलँड्समध्ये सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती मित्सुबिशीची आउटलँडर, प्लग-इन. एका महिन्यात पाच हजारांच्या जवळ. विक्रीचा ग्राफ बघितला तर वाटेल डच लोकांनी क्रांती केली. नंतर तिथल्या संशोधकांनी प्रत्यक्ष इंधन किती लागतं ते मोजलं, तेव्हा ते अधिकृत आकड्याच्या कितीतरी पुढे निघालं. पेट्रोल कंपनीच्या कार्डावर, मग वायर कोण लावणार? गाडी विकली गेली, वीज वापरली गेली नाही. विक्रीचा तक्ता गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की संपतो.

परत अमेरिकेत. साध्या हायब्रिडचं काय? ती मेली म्हणून लोकांनी लिहून टाकलं होतं. प्रियस खरोखरच घसरत होती, २०१२ मध्ये सगळे प्रकार धरून दोन लाख छत्तीस हजार, २०१९ मध्ये सत्तर हजारांच्या आसपास. पण त्याच २०१९ मध्ये टोयोटाच्या रॅव्ह-४ या एसयूव्हीची हायब्रिड आवृत्ती नव्वद हजारांवर गेली. दिसायला साध्या रॅव्ह-४ सारखीच, बोनेटखाली फरक. एकेकाळी वेगळं दिसणं हे हायब्रिडचं बळ होतं, आता न दिसणं. २०२१ मध्ये एकूण हायब्रिड आठ लाखांच्या जवळ, २०२३ मध्ये बारा लाखांच्या आसपास. प्लग-इन त्या वर्षी चौदा लाख. माझ्या मॉडेलने २००९ साठी सांगितलेले दहा लाख खरे व्हायला चौदा वर्षं जास्त लागली.

या नव्या आकड्यांतही एक मेख आहे. २०२१ पासून टोयोटाची सिएना अमेरिकेत फक्त हायब्रिडच मिळते. २०२५ च्या मॉडेलपासून कॅमरीही फक्त हायब्रिड. २०२६ च्या मॉडेलपासून रॅव्ह-४ चंही पेट्रोल-एके-पेट्रोल रूप बंद. आता कॅमरी घेणारा माणूस हायब्रिड "निवडतो" असं म्हणायचं का? तो कॅमरी घेतो. तक्त्यात मात्र हायब्रिडचा एक आकडा वाढतो. २००५ चा तो स्टिकरवाला आणि २०२५ चा हा कॅमरीवाला एकाच रकान्यात बसतात.

आपल्याकडचं थोडक्यात. भारतात २०१५ मध्ये फेम योजना आली तेव्हा सौम्य हायब्रिडलाही अनुदान होतं, म्हणजे मोटर गाडी स्वतः ओढत नाही, इंजिनाला नुसता हात देते अशा गाड्यांना. मारुतीची सियाझ आणि अर्टिगा डिझेल त्यात बसल्या आणि कागदावर भारतात "हायब्रिड" भरपूर झाल्या. १ एप्रिल २०१७ पासून त्यांचं अनुदान काढलं. त्याच जुलैत जीएसटी आला आणि हायब्रिडवर सेस धरून ४३ टक्के कर बसला, इलेक्ट्रिकवर १२, पुढे ५. मग उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. आणि महाराष्ट्रात २०२५ मध्ये अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आली. रोज पनवेलहून सेतूवरून जाणाऱ्या माणसाचा हिशोब कॅलिफोर्नियाच्या स्टिकरवाल्यापेक्षा फार वेगळा नसणार. काही वर्षांनी महाराष्ट्राचा ग्राफ कुणी काढला तर तिथे एक खूण करून ठेवा.

आता शेवटचं वळण. अमेरिकेतली ती ७,५०० डॉलरची सूट २०२२ च्या कायद्याने नव्या रूपात आली होती, दोन लाखांची मर्यादा काढून. २०२५ मध्ये नव्या कायद्याने ती ३० सप्टेंबरला संपवली. योगायोग असा की कॅलिफोर्नियात एकट्याने जलद लेन वापरण्याची स्टिकरं ज्या केंद्रीय परवानगीवर चालत होती, तीही त्याच दिवशी संपली. पिवळ्यानंतर प्लग-इनसाठी वेगळ्या रंगांची आली होती ती सगळी. अपेक्षेप्रमाणे जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत इलेक्ट्रिक गाड्यांची विक्रमी विक्री झाली आणि ऑक्टोबरात ती खाली आली. २०१८ चा डिसेंबर आणि २०१३ चं नेदरलँड्स, दोन्ही पुन्हा.

आणि हॅमट्रॅमॅक? तो कारखाना बंद झाला नाही. जनरल मोटर्सने त्यात दोनशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली, फक्त इलेक्ट्रिक गाड्यांसाठी तो नव्याने उभा केला आणि त्याला नाव दिलं फॅक्टरी झीरो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस, सूट संपून महिना होत आला तेव्हा, कंपनीने तिथली एक पाळी बंद करायचं जाहीर केलं. सुमारे १,२०० कामगार. २०१२ साली, त्याच आवारात, तो आकडा १,३०० होता.

माझ्या फाइलमध्ये २०२५ चा रकाना अजून रिकामा आहे. भरला की त्या मुलीला पाठवणार आहे, या वेळी तारखांसकट. चला, भेटू पुढच्या भागात.